इरफान, तुझा मंगरू अजून उभाच आहे

गुरुवार, १४ डिसेंबर २००६. घुग्घुस, तुझ्या घरची पुढची खोली.

हजर: तुझी आई. शबाना. तुमच्या दोघी मुली. कारखान्यातल्या ट्रकच्या काट्यावरचा तुझा जोडीदार प्रवीण, बाहेर ओट्यावर पुरुषांमध्ये. त्याच्या शेजारी आमच्या दवाखान्याच्या वार्डातला दिवाकर. आत बायकांमध्ये मी.

गैरहजर हा रकाना मी सवयीने आखला. वार्डात ड्युटीचा तक्ता लावता लावता हात तसाच वळतो. आखून झाल्यावर लक्षात आलं, आणि मग तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

आज रविवार आहे. अजून मला कुणी सांगितलं की इरफान गेटवर उभा आहे, सायकल स्टँडवाल्याशी वाद घालतोय, तर मी म्हणेन, त्याला वर पाठवा. तू गेलास हे मला माहीत आहे. माहीत असलेल्या गोष्टी मी लगेच कामाला लावते. ही गोष्ट कुठेच लागत नाहीये.

सोमवारी संध्याकाळी प्रवीणचा फोन आला तेव्हा मी एका मुलीची सलाईन बदलत होते. बाहेरून पेशंट यायचा असला की असाच फोन येतो, आणि मी तो उतरवून घेते. तसंच केलं. नाव इरफान, वय चौतीस, गडचांदूरचा रस्ता, कापसाची ट्रॉली, मागे लाल दिवा नाही, डोक्याला मार. लिहिता लिहिता विचारलं, शुद्धीवर आहे का, निघालात का, मी बेड तयार ठेवते.

प्रवीण म्हणाला, "बेड नका ठेवू, सिस्टर. गेला तो."

मी "बरं" म्हणाले. फोन ठेवला. मग हातातला कागद वाचला. त्यावर मी बेडचा नंबरही घातला होता. लहान मुलांच्या वार्डातला बेड, चौतीस वर्षांच्या माणसाला. दिवाकर विचारत होता, सिस्टर कोण येऊन राह्यलं, आणि मी त्याला सांगत होते की चादर बदल.

कापूस होता त्या ट्रॉलीत. लोखंडी दांडा लागला म्हणे, पण मला सारखा कापूसच दिसतो. कापसावर आपटून माणूस मरतो, हे कुणी मला नीट समजावून सांगावं.

तुझी माझी ओळख कशी झाली ते गुरुवारी शबाना मला विचारत होती. तिला तू अर्धंच सांगितलं होतंस. दवाखान्याच्या एका बाईंचं काम आहे, एवढंच.

कुणीतरी वार्डाला जुना टीव्ही गेम देणगी दिला होता. एका डब्यात दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. मुलं त्यावर तुटून पडायची. आमच्याकडे सिकलसेलची मुलं फार. धानोऱ्याकडची, एटापल्लीकडची, कोरपन्याची. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि हाडं दुखायला लागतात. औषध आहे, पण त्याआधी चार गोष्टी आहेत: पाणी पिणं, अंगावर ऊब ठेवणं, धावपळ न करणं, आणि दुखायला लागताच सांगणं. चौथी सगळ्यात अवघड. मुलं सांगत नाहीत. सांगितलं की सुई मिळते आणि घरी जायचा दिवस लांबतो, एवढं त्यांना बरोबर कळतं. मी वर्षानुवर्षं सांगत होते, भिंतीवर चित्रं लावली होती. मुलं माझ्याकडे बघून मान हलवायची आणि टीव्हीकडे वळायची. तेव्हा मनात आलं, टीव्हीतच सांगता आलं तर.

गेम बिघडला तेव्हा दुरुस्तीवाल्याने सांगितलं, घुग्घुसचा एक जण गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात काट्यावर आहे, ट्रकच्या वजनाचा प्रोग्राम त्यानेच लिहिला, आणि घरी बसून या जुन्या मशिनीचे गेम बनवतो, कुणी विचारत नाही तरी. मी पुढच्या सुट्टीला तुझ्या दारात. सोबत अटींचा कागद.

तू तो उभ्याउभ्याच वाचलास. "बाई, हा गेम आहे का डॉक्टरची चिठ्ठी?"

सगळे मला सिस्टर म्हणतात. तू पहिल्या दिवसापासून बाई म्हणालास, शाळेतल्या बाईला म्हणावं तसं, आणि वागलासही तसाच. गृहपाठ उशिरा, उत्तरं लगेच.

मी म्हटलं, आधी पूर्ण वाच. तू वाचलास. मग एकच प्रश्न विचारलास: "याच्यात जिंकते कोण?"

माझ्या कागदावर ते नव्हतं. पाणी होतं, घोंगडी होती, विसावा होता. जिंकण्याचं मी काही लिहिलंच नव्हतं. मी म्हणाले, जो वेळेवर सांगतो तो.

तू आत जाऊन आईला चहा टाकायला सांगितलंस. तेवढ्यावरून मला कळलं की काम घेतलंस. पैशाचं बोलणं चहा येईपर्यंत संपलं. दवाखान्याने जे देऊ केलं त्याला तू हो म्हणालास आणि वर विचारलंस, कॉम्प्युटरवर का नाही करत, सोपं पडलं असतं. मी म्हटलं, वार्डात कॉम्प्युटर नाही, आणि या मशिनीवर वरण सांडलं तरी ती चालते. तू एकदम खूश झालास. "लोक फेकून देऊन राह्यले हे, बाई. कॉलेजात होतो तवापासून मी हिचं पोट ओळखतो."

पहिला गेम तू माझ्या कागदाप्रमाणे केलास, अट क्रमांक एक ते आठ, जशाच्या तशा. चौकटीचा एक मुलगा, त्याच्या डोक्यावर माठ, आणि दर थोड्या वेळाने पडद्यावर पाण्याचा थेंब. मुलांनी दोनदा खेळला आणि रिमोट खाली ठेवला. कोरपन्याची एक पोरगी तुला म्हणाली, "भाऊ, हे तर सिस्टरच घुसल्या टीव्हीत." तू एवढा हसलास की दिवाकर धावत आला. मला राग आला होता. आता सांगते, तुझ्यावर नाही, आठही अटींवर आला होता.

मग तू माझा कागद बाजूला ठेवलास आणि रविवारी वार्डात येऊन मुलांमध्ये बसायला लागलास. माठवाल्याचं नाव मुलांनी मंगरू ठेवलं. मंगरू जंगलातून निघतो, बाजाराला जातो. वाटेत नाला, अस्वल, मोहाचं झाड. घाईने धावला की त्याचे पाय लाल होतात. लाल दिसताच बटण दाबून बसवला तर उठतो. उशीर केला तर बसवूनही उठत नाही. एवढंच. पाणी पी असं कुठेही लिहिलेलं नाही, पण माठ रिकामा असला की पाय लवकर लाल होतात, हे मुलांनी आपलं आपणच शोधून काढलं. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाने मला हाक मारली आणि म्हणाला, "सिस्टर, माझे पाय लाल होऊन राह्यले." पाय लाल नव्हते. दुखायला लागलं होतं. तास-दोन तासांपूर्वीच लागलं होतं आणि त्याने सांगितलं. मी औषध दिलं, त्याला झाकलं, आणि औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून उभी राहिले. तुला फोनवर मी काय सांगितलं? गेम ठीक चालू आहे. एवढंच सांगितलं.

त्याच सुमारास गेम मरायला लागला. म्हणजे कॅसेट. तुझ्या घरी चालायची, वार्डात आठ-दहा दिवस चालायची आणि मग पडद्यावर नुसता चिखल. तू नेऊन पुन्हा भरून आणायचास, पुन्हा तेच. तू लोडशेडिंगला शिव्या दिल्यास. आमच्या वायरिंगला दिल्यास. दिवाकरवर संशय घेतलास की तो उलटी घालतो. दिवाकर तुझ्याशी दोन रविवार बोलला नाही.

मे महिना होता. तू अचानक मधल्याच दिवशी आलास, दुपारचा. मी खेळण्यांची टोपली गच्चीवर नेली होती. वार्डाचा नियम आहे, माझाच आहे: मुलांच्या हातातलं सगळं रोज दुपारी उन्हात. भिजवून चालत नाही ते धुवायचं नाही, पण तापवायचं. रबरी बदक, ठोकळे, बाहुल्या, आणि त्यांच्या ओळीत तुझी कॅसेट. तू तिला कवच घातलं नव्हतंस, हिरवी पाटी उघडीच दिली होतीस, की काही बिघडलं तर पटकन पाहता यावं. त्यावरच्या काळ्या चिपला मधोमध काचेची बारकी खिडकी होती. मी ती खिडकी रोज स्वच्छ पुसून, वर करून ठेवत होते.

तू गच्चीच्या दारात उभा राहिलास. बघितलंस. आणि खाली बसलास.

त्या चिपमध्ये भरलेला गेम पुसायचा असला तर तू स्वतः ती घराच्या पत्र्यावर उन्हात ठेवायचास. शहरात लोक त्यासाठी वेगळा दिवा आणतात, तुला चंद्रपूरचं ऊन फुकट होतं. खिडकीवर कागद चिकटवला की पुसत नाही. कागद तू चिकटवला नव्हतास, आणि मी उन्हाचा एकही दिवस चुकवला नव्हता. तू काम करून आणायचास, मी ते नियमाने पुसून टाकायचे.

"बाई," तू म्हणालास, "तुमच्याएवढी सफाई मी कुठीच पाह्यली नाई."

आपण दोघंही त्या उन्हात हसत बसलो होतो. हे मी शबानाला गुरुवारी सांगितलं, तर तीही हसली. मग तिने तोंडाला पदर लावला. तुझी आई आमच्याकडे बघत होती, हसल्याबद्दल काही बोलली नाही.

त्यानंतर कॅसेटवर तू औषधाच्या बाटलीची चिकटपट्टी लावलीस, आणि दिवाकरला घरून बिर्याणीचा डबा आणलास. तो लगेच बोलायला लागला.

लोडशेडिंगचा त्रास मात्र खरा होता. लाईट गेली की मंगरू पुन्हा घरापासून. ही मशीन काही लक्षात ठेवत नाही. तू म्हणालास, आकड्यांची खूण देतो, ती टाकली की पुढून सुरू. मी म्हटलं, निम्म्या मुलांना आकडे येत नाहीत. मग तू चित्रांची खूण केलीस. मासा, माठ, पान, बैल अशी चार चित्रं ओळीने लावायची, की मंगरू जिथे होता तिथून उठतो. मुलं ती खूण जपायची. पण पुढचं तुलाही सुचलं नव्हतं, मलाही नाही. सुट्टी झालेली मुलं जाताना आपली खूण बेडवर येणाऱ्या पुढच्या मुलाला द्यायला लागली. चुलत भावाला शेत सोपवावं तशी. नवीन मूल घाबरून रडत असायचं आणि बॅग उचललेलं मूल त्याच्या कानात सांगायचं, मासा मासा पान बैल, अस्वलाच्या पुढे आहे मी. तू ते एकदा पाहिलंस. खिडकीकडे तोंड करून खूप वेळ उभा होतास.

आता आपलं भांडण.

खेळणाऱ्याने उशीर केला आणि मंगरू उठला नाही, तर काय? तू म्हणालास, मरतो. तीन जीव द्यायचे, सगळ्या गेममध्ये असतात. मी म्हटलं, माझ्या वार्डात नाही. तू म्हणालास, मेल्याशिवाय गेम होत नाही, मग पोरं सांभाळून कशाला खेळतील. मी म्हटलं, त्याला दवाखान्यात ने, झोपव, काहीही कर. तू म्हणालास, मग ते पुन्हा सिस्टर घुसल्यासारखं होईल. हे आपण रविवारमागून रविवार बोललो. एकदा तर डॉक्टरांच्या समोर. त्यांनी चहा संपवला आणि ते निघून गेले.

शेवटच्या वेळी तू आवाज चढवला नाहीस. म्हणालास, "बाई, या पोरायनं मरण पाह्यलं नाई असं वाटते का तुमाले? घराघरात पाह्यलं आहे. पडून पुन्हा उठाचा चान्स त्यायले फक्त इथीच भेटते. तो तरी काऊन काढून घेता?"

मी म्हटलं, जेवून जा.

तुला वाटलं मी हट्टी आहे. आहेच. पण कारण तुला कधी सांगितलं नाही, ते आज सांगते. तू यायच्या आदल्या पावसाळ्यात धानोऱ्याकडची एक मुलगी होती, सोमी. नऊ वर्षांची. तिच्या गावी काही कार्य होतं, तिला घरी जायचं होतं. दुखत असताना दोन दिवस ती माझ्याकडे बघून हसत राहिली. मी राउंडला विचारायचे, दुखतं का, ती मान हलवायची, नाई. सुट्टीचा कागद तयार होता. तिसऱ्या दिवशी पहाटे तिला श्वास घेता येईना. आम्ही सगळं केलं. अशा मुलीनंतर मी तुझ्या दारात तो कागद घेऊन आले होते. आणि तू म्हणत होतास, तिथेच तीन जीव द्यायचे. मी ते चित्र कुठून बघणार होते, इरफान? आणि तुझं म्हणणं खोटं होतं असंही मला वाटत नाही. तेच तर अडलं आहे. सोमीला कुणी पुन्हा एक जीव दिलाच नव्हता.

एवढं सांगितलं असतं तर तू काहीतरी काढलं असतंस. तुझं डोकं तसं होतं, अडलं की बाजूने वाट काढायचं. मी मात्र आपल्याकडे पुष्कळ रविवार आहेत असं धरून चालले.

म्हणून तू ती जागा कोरी ठेवलीस. "तिथी काहीच लिहिलं नाई, बाई. तुमचं ठरलं की भरतो." उशीर झाला की मंगरू एक पाय उचललेला, तसाच थांबतो. पुढे काही होत नाही. बटणं चालत नाहीत, आवाज बंद. मशीन बंद करून पुन्हा लावावी लागते. तू असेपर्यंत ही आपली तात्पुरती सोय होती, आणि मुलं तुझी वाट बघायची. इरफानभाऊ येऊन ठीक करतील.

मंगळवारी सकाळी वार्डात गेले तेव्हा टीव्हीवर तो तसाच उभा होता. रात्री कुणाकडून तरी अडकला होता आणि कुणी बंद केला नव्हता. मुलांना तुझं मी सांगितलं नव्हतं, दिवाकरने सांगितलं होतं. दिवाकर बंद करायला गेला तर एक मुलगी म्हणाली, राहू द्या. मीही म्हटलं, राहू दे. दुपारी लाईट गेली तेव्हा तो गेला.

तुझ्याबद्दल मला रडू आलेलं नाही अजून. लोकांना वाटतं मी कामाची बाई आहे म्हणून. तसं नाही. तू गेलास हे माझ्या हातून कुठे लिहिलंच जात नाही. फोनवरच्या त्या कागदावर नाव आहे, वय आहे, बेड नंबर आहे, आणि पुढे मी काही लिहिलेलं नाही. तू काट्यावर असशील, पावती फाडत असशील, ट्रकवाल्याला म्हणत असशील की वजन तुझं नाही, ट्रकचं आहे, असंच मला अजून वाटतं. या आठवड्यात मी दोनदा तुझा नंबर फिरवला. एकदा कामासाठी, चुकून. एकदा चुकून नाही.

तुझ्यामुळे वार्डातली मुलं आता बोलतात. पाय लाल झाले, सिस्टर. माठ रिकामा झाला, सिस्टर. नवीन नर्स आली की मला आधी तिला हे सांगावं लागतं, नाहीतर ती पाय तपासत बसते. तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी एका मुलाने असंच वेळेवर सांगितलं. तो काल घरी गेला. ही बातमी मी एरवी तुला फोन करून सांगितली नसती, ठीक चालू आहे एवढंच म्हटलं असतं. आता लिहून कळवते आहे. मुलगा बरा आहे.

गुरुवारी निघताना प्रवीण फाटकापर्यंत आला. म्हणाला, गेमचं सगळं लिहिलेलं ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये सापडलं. त्याला थोडं समजतं. तुझ्यासारखं नाही, पण एक जागा कोरी आहे हे त्यालाही दिसलं, वर तू लिहून ठेवलंस म्हणे, बाईला विचारणे.

"सिस्टर, तिथी काय करू ते सांगा," तो म्हणाला. "चार ओळीचं काम आहे. रविवारी बसतो मी."

मी म्हटलं, कळवते.

सकाळपासून त्याचे दोन फोन येऊन गेले. दिवाकरने सांगितलं, सिस्टर राउंडला आहेत. राउंड कधीच संपला. मी औषधांच्या खोलीत टेबलाशी बसले आहे. कागद काढला, तारीख घातली, प्रवीणचं नाव घातलं, खाली एक आकडा घातला आणि त्याच्यापुढे टिंब. मरतो असं लिहिलं तर तुझं ऐकल्यासारखं होईल. झोपतो असं लिहिलं तर तुला हरवल्यासारखं होईल, तेही तू नसताना. बाहेर मुलांनी मशीन लावली आहे, आवाज येतोय. टिंबाच्या पुढे लिहायचं आहे. मग प्रवीणला फोन करायचा आहे.